बेबांगच्या बाजूची चाल

१४ फेब्रुवारी, राखेचा बुधवार

यंदा राखेचा बुधवार नेमका प्रेमिकांच्या दिवशी आला. विद्यापीठात पोरांच्या कपाळावर राखेचे क्रूस आणि हातात गुलाब. एका मुलीने जिन्यात विचारलं, "मॅम, आज उपास ना? मग हे चॉकलेट काय करू?" म्हटलं, "आमच्या सिस्टर असत्या तर म्हणाल्या असत्या, देवाला दे. मी म्हणते, मला दे."

उपासकाळात काहीतरी सोडायचं, ही कॉन्व्हेंटची सवय अजून सुटत नाही. साखर सोडून झाली, टीव्हीवरच्या मालिका सोडून झाल्या. या वयात सोडण्यासारखं फार उरलेलं नाही, म्हणून या वर्षी काहीतरी धरायचं ठरवलं. ही रोजनिशी.

संध्याकाळी मारिविकचा फोन आलाच. ही माझी एकेकाळची विद्यार्थिनी, आता बायकांच्या गायकवृंदाची प्रमुख. पूर्वी ती मला घाबरायची, आता मी तिला घाबरते. ईस्टरनंतर माझ्या निवृत्तीनिमित्त कार्यक्रम आहे आणि त्यात माझी नवी रचना. बायकांचे दोन गट समोरासमोर, मध्ये काशाच्या घंटा. पहिल्या गटाचं गाणं मी नाताळातच लिहून दिलं. दुसऱ्या गटाच्या रेघा अजून कोऱ्या आहेत.

"मॅम, माझ्या अर्ध्या बायका तालमीला येऊन विणकाम करत बसतात. एकीचा स्वेटर झालासुद्धा."

"मनिलाच्या उकाड्यात स्वेटर?"

"तोच प्रश्न सगळ्यांना पडलाय. लिहिणार कधी?"

"बेबांग येतेय पवित्र आठवड्यात. ती आली की लिहीन."

"आणि नाही आली तर?"

मी म्हटलं, आवाज तुटतोय, आणि फोन ठेवला. आवाज अगदी स्वच्छ येत होता. उपासकाळाचा पहिलाच दिवस, आणि खोटं बोलून झालं.

१९ फेब्रुवारी

एकदा सगळं नीट लिहून काढावं, म्हणजे मारिविकलाही सांगता येईल.

सरोवराकाठच्या आमच्या गावात ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात पबासा असते. प्रभूच्या यातनांचं सबंध पुस्तक, पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत, गाऊन वाचायचं, दिवसरात्र, पाळीपाळीने. टेबलाच्या दोन बाजूंना दोन गट. उजव्या बाजूने एक कडवं गायचं, डाव्या बाजूने पुढचं. दोन्ही बाजूंच्या चाली वेगळ्या, आणि एका बाजूच्या माणसाने दुसरीची चाल गायची नाही. उजवी बाजू माझ्या आईची, म्हणून माझी. डावी माझी बालमैत्रीण बेबांग हिच्या आजीची. गाणं मध्ये तुटता कामा नये. अलिंग इस्कांग, म्हणजे गावातल्या इस्कांग मावशी, त्यांच्या घरी पबासा होते, त्यांच्या आईने तसा नवसच बोलला होता. ज्याच्यामुळे तुटेल त्याने तो अध्याय पुन्हा पहिल्यापासून गायचा.

दुपारची पाळी कोणालाच नको असायची. उन्हाने पत्रे तडतडायचे आणि म्हाताऱ्या खुर्चीत बसल्या बसल्या घोरायच्या. ती पाळी आम्हा दोघींकडे. चौदाव्या वर्षापासून ते बेबांग नर्स होऊन कॅनडाला गेली तोवर, दर वर्षी. ती समोर, मी इकडे, दोघींपुढे एकेक पुस्तक आणि मध्ये काटेरी मुकुटातला येशू.

माझ्या बाजूची चाल माझ्या हाडात आहे. तिच्या बाजूची मला येत नाही. ती गायची तेव्हा मी श्वास घ्यायचे, आल्याच्या चहाचा घोट घ्यायचे आणि पुढचं कडवं बोटाने धरून ठेवायचे. आठवतो तो फक्त तिचा आवाज, ऊन लागलेल्या पत्र्यासारखा. मला एरवी कुठलीही चाल एकदा ऐकून लिहिता येते. नेमकी हीच लक्षात का राहिली नाही, देव जाणे.

डावीकडच्या सगळ्या म्हाताऱ्या गेल्या. आता गावातली मुलं गिटार घेऊन सिनेमाच्या चालींवर पुस्तक वाचतात. अलिंग इस्कांगकडे जुनं चालतं, पण दोन्ही बाजू उजवीचीच चाल गातात. अर्धी चाल जगात फक्त बेबांगच्या गळ्यात उरली आहे.

माझ्या सगळ्या रचना शेवटी वर उचलल्या जातात आणि तिथेच थांबतात. लोक त्याला माझी शैली म्हणतात. एका मुलीने तर 'उघडा शेवट' यावर प्रबंध लिहिला आणि मार्गदर्शक म्हणून मी सही केली. तिला कसं सांगू, बाई गं, ती शैली नाही. मी माझं कडवं संपवून समोरून उत्तर यायची वाट बघतेय.

२७ फेब्रुवारी

बेबांगचा विनिपेगहून फोन. तिथे गुडघाभर बर्फ.

"त्रिनिंग, मुलगी म्हणते, ऑपरेशन होऊन वर्षही नाही झालं, कशाला मरायला जातेस त्या उन्हात."

"तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, बर्फात मरण्यापेक्षा बरं. निदान गोठलेलं अंग सरळ करायला पाणी तापवावं लागणार नाही."

गळ्याच्या गाठीचं ऑपरेशन झाल्यापासून तिचा आवाज घोगरा झालाय. म्हणाली, चढावर धापा टाकणाऱ्या ट्रायसिकल रिक्षासारखा. मला तो तसा वाटला नाही. आवाज आवाजच असतो.

मी पुन्हा गळ घातली. "आता तर उपासकाळ चालू आहे, दोष लागायचा नाही. फोनवर एक कडवं गा. मी लिहून घेते." उपासकाळाबाहेर ते पुस्तक गाऊ नये असं आमच्याकडे मानतात, आणि बेबांग आजवर आली ती नेहमी नाताळात नाही तर कोणाच्या तरी मयताला.

"असं फोनवर नाही येत गं," ती म्हणाली. "तू समोर पाहिजेस."

"मी समोर असून काय होणार? मी तर नुसती बसलेली असते."

मग म्हणाली, "ते आहेच," आणि सुकी मासळी विमानात नेऊ देतात का ते विचारायला लागली.

८ मार्च

पहिल्या गटाची तालीम ऐकली. बायका सुंदर गातात. कडवं संपतं, सूर वर जाऊन थांबतो, मग समोरच्या बायका सुया खाली ठेवून तेवढा वेळ गप्प बसतात, मग पुढचं कडवं.

मारिविक कानाशी येऊन म्हणाली, "मॅम, हे असंच ठेवूया का? नुसती शांतता. लोक म्हणतील, काय थोर आहे!"

क्षणभर मोह झाला. खरंच म्हणाले असते. परदेशातले तर नक्कीच.

घरी येताना जीपनीत मनात आलं, मला काही सुचतच नाहीये आणि बेबांग हे नुसतं निमित्त असेल तर? विद्यार्थ्यांना मी सांगते, अडलात तर दुसऱ्याच्या दारात जाऊन बसू नका, स्वतःचं खणा. मी स्वतः कुठे बसले आहे?

१५ मार्च

तिकीट अजून काढलेलं नाही. मुलगी डॉक्टरला विचारणार आहे. शुक्रवारी मांस वर्ज्य म्हणून मूग शिजवले, धुरी दिलेला मासा आणला, आणि जेवलेच नाही.

१७ मार्च

येतेय!

२२ मार्च

विमानतळावर गर्दीत आधी पेटी दिसली, दोरखंडाने बांधलेला भला मोठा खोका, आणि त्यामागे ती. बारीक झाली आहे. गळ्याला रुमाल.

"केवढी म्हातारी झालीस," मी म्हटलं.

"तूही. पण मी परदेशी म्हातारी आहे, महाग." मग सगळ्यांच्या देखत वाकून तिने माझा हात स्वतःच्या कपाळाला लावला, थोरांचा लावतात तसा. मी तिच्याहून फक्त तीन महिन्यांनी मोठी. बाजूचा पोलीससुद्धा हसला.

टॅक्सीत ती माझ्या खांद्यावर झोपली. उतरेपर्यंत माझा हात बधिर. हलवला नाही, उगाच उठली असती.

२४ मार्च, झावळ्यांचा रविवार

गावी आलो. मिस्साला सगळ्यांच्या हातात विणलेल्या झावळ्या. अलिंग इस्कांगनी मागच्या अंगाची खोली दिली आहे. वय झालं, पण जीभ तीच.

"ही कॅनडावाली गाणार? हिचा तर आवाज गेला म्हणे."

"गेला नाही, अलिंग, बसलाय," बेबांग म्हणाली. "माझ्यासारखाच. हाक मारली की उठेल."

"गुरुवारी दुपारची पाळी घ्या. आणि आधीच सांगते, माझ्या आईच्या वेळेपासून एकदाही तुटलेली नाही. तुटली तर अध्याय पहिल्यापासून, मग तुम्ही प्रोफेसर असा नाही तर कोणी."

संध्याकाळी सरोवराकाठी फिरलो. मी दोनदा विषय काढला. ती म्हणाली, "मंगळवारी. सुमान बांधताना. रिकाम्या हातांनी मला गाता येत नाही."

२६ मार्च

लिहिताना अजून राग गेलेला नाही.

स्वयंपाकघरात आम्ही दोघीच होतो. पाहुण्यांसाठी सुमान चालले होते, चिकट भात ती केळीच्या पानात बांधत होती. मी पेन्सिल, रेघांचा कागद आणि रेकॉर्डर घेऊन समोर बसले.

"अशी पोलिसासारखी बसू नकोस."

"गा तू."

ती गायली. घोगरा आवाज, पण सूर काडीइतकाही ढळला नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तरी एकेक स्वर उतरवून घेतला. म्हटलं, "पुन्हा एकदा, पडताळून बघते."

दुसऱ्यांदा गायली ती चाल वेगळी होती. नुसता फरक नव्हे, पार वेगळी. तिसऱ्यांदा तिसरीच.

मी पेन्सिल ठेवली. "बेबांग, यातली खरी कुठली?"

"तिन्ही."

"थट्टा पुरे. तुझ्या आजीची, डावीकडची चाल."

"ती मला कधी धड आलीच नाही गं. रात्री सगळ्याजणी असायच्या तेव्हा त्यांच्या आवाजात आवाज मिसळून जायचे. दुपारी आपण दोघीच. म्हाताऱ्या घोरत. मी मनाला येईल ते गायचे."

"दर वर्षी वेगळं?"

"दर कडव्याला वेगळं."

"का पण?"

ती पानाला दोरी गुंडाळत होती. "तू वर बघावंस म्हणून. पुस्तकातून डोकंच काढायची नाहीस तू. म्हटलं, काहीतरी भलतंच गायलं तर बघेल. एकदा तर मी मध्येच घोड्यासारखी खिंकाळले होते, पिलाताच्या दरबारात, ऐन येशूच्या खटल्यात."

"ऐकलं होतं मी."

"ऐकलंस. बघितलं नाहीस."

मी ओरडले. "माझं सगळं काम, बेबांग! प्रबंध झालाय त्यावर! मी लोकांना व्याख्यानात सांगितलंय की आमच्या गावची अर्धी चाल हरवली आहे आणि ती एका बाईच्या गळ्यात आहे!"

ती हसत सुटली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग एकदम थांबली. "म्हणजे इतकी वर्षं तू ती शोधत होतीस?"

"शोधत नव्हते. वाट बघत होते."

"तेच गं," ती म्हणाली.

तेच कसं? मी उठून बाहेर आले. शोधणं वेगळं आणि वाट बघणं वेगळं. रेकॉर्डर चालूच राहिला होता. अर्धा तास नुसती पानांची सळसळ आणि तिचं नाक ओढणं.

२७ मार्च

पबासा सुरू झाली. सकाळपासून गाणं चालू आहे, घर माणसांनी आणि आल्याच्या वासाने भरलं आहे. बेबांगशी बोलले नाही. तिने माझ्या उशाशी पहिला सुमान आणून ठेवला, साखर वेगळी. खाल्ला, पण बोलले नाही.

तिचा हा वात्रटपणा जुनाच. शाळेत सिस्टर आडेलहाइड आम्हाला 'नजर राखायला' शिकवायच्या. चालताना पावलांपुढची फरशी बघा, प्रार्थनेत पुस्तक बघा, डोळे भटकले की मागून मन जातं. मला या गुणासाठी निळी फीत मिळाली होती. बेबांगला कधीच नाही. ती प्रार्थनेतसुद्धा इकडेतिकडे बघायची. सिस्टर तिला पूर्ण नावाने विचारायच्या, "हेनोवेवा, वेदी त्या बाजूला आहे का?" वेदी त्या बाजूला नसायची. त्या बाजूला मी बसायचे.

आता मारिविकला काय सांगू? चाल नाही. कधी नव्हतीच. इतकी वर्षं एका खोडीची वाट बघत बसले.

एक मात्र राहून राहून मनात येतं. दर कडव्याला नवी चाल बांधायची म्हणजे केवढे कष्ट. माझे विद्यार्थी सबंध सत्रात एक बांधताना रडतात. ही भर उन्हात, पानामागून पान, इतकी वर्षं. नुसत्या खोडीसाठी कोणी एवढं करतं का?

२८ मार्च, पवित्र गुरुवार

दुपारी आमची पाळी आली. तेच टेबल, तोच येशू, फक्त मुकुट नव्याने रंगवलेला. आधीच्या दोघी शेवटची ओळ गात असतानाच आम्ही खुर्च्यांवर सरकलो, म्हणजे तुटायला नको. अलिंग इस्कांग दाराशी पंखा हलवत, डोळे मिटून. बाकी सगळे जेवणावरून पेंगुळलेले.

मी माझं कडवं गायले. सूर वर गेला आणि थांबला. समोरून बेबांग सुरू झाली. मी सवयीने पुढच्या कडव्यावर बोट ठेवलं, चहाचा घोट घेतला. ती काहीतरी नवीनच गात होती. मंगळवारच्या तिन्हींपैकी एकही नाही. दुसऱ्या वेळी आणखी वेगळं, खाली उतरून पुन्हा वर येणारं. आवाज मध्ये मध्ये फाटत होता, ती तसाच पुढे नेत होती. चौथं कडवं, पाचवं. माझं बोट पुस्तकावर होतं. ओळी दिसेनाशा झाल्या. वय झालं की असं होतं, दुपारी डोळ्यांना पाणी सुटतं.

मग मी वर बघितलं.

बेबांगपुढे पुस्तक होतं, पण पान भलतंच उघडं. तिचे डोळे पुस्तकात नव्हतेच. सबंध पाठ आहे तिला, एकेक ओळ. ती माझ्याकडे बघत गात होती. आणि मी बघितलं तरी तिला नवल वाटलं नाही. दार उघडणारच होतं अशा भरवशाने कोणी बाहेर उभं असावं, तशी ती गात राहिली.

तिचं कडवं संपलं. आता माझं. कुठलं पान, कुठली ओळ, काही भान उरलं नाही. मी पुस्तकाकडे बघितलंच नाही. घरात फक्त छताच्या पंख्याची घरघर. बाहेर एक कोंबडा आरवला, नको तेव्हा, संत पेत्राने प्रभूला नाकारल्यावर आरवला होता तसा.

"तुटली!" अलिंग इस्कांग किंचाळल्या. डोळे मिटून सगळं ऐकत होत्या. "माझ्या आईच्या वेळेपासून कधी नाही ती तुटली! त्रिनिदाद, एवढी शिकलीस, जगभर फिरलीस, तुला साधं पुस्तकात बघता येत नाही?"

"माझी चूक, अलिंग," मी म्हटलं.

"चूक दोघींची. अध्याय पहिल्यापासून. दोघींनी! कोणी पाळी बदलायची नाही, कोणी उठायचं नाही."

पेंगणारे सगळे जागे झाले होते. बेबांग खाली मान घालून बसली होती, तिचे खांदे हलत होते. मला वाटलं रडते आहे. ती हसत होती. मलाही हसू आवरेना. प्रभूच्या यातनांपुढे दोन म्हाताऱ्या, पाठीवर वडीलधाऱ्यांची बोलणी, आणि समोर तो लांबच लांब अध्याय, सगळाच्या सगळा, पुन्हा.

मी पुस्तक मिटलं. मलाही पाठच आहे की.

३० मार्च, शनिवार

दोघींचे आवाज पार गेले आहेत. आज खुणांनी बोलतो आहोत. मुलं आम्हाला बघून हसतात. अलिंग इस्कांग अजून रागावलेल्या, पण नारळाच्या दुधातली खीर दोन वाट्या जास्त पाठवली.

३१ मार्च, ईस्टर

पहाटे दोन मिरवणुका निघाल्या. पुरुषांची पुनरुत्थित ख्रिस्ताची, आमची काळ्या बुरख्यातल्या मारियेची. दोन वाटांनी येऊन त्या चौकात भेटल्या, आणि पंख लावलेल्या छोट्या मुलीने मारियेचा बुरखा काढला. दर वर्षीचंच आहे हे. या वर्षी मी रडले. बेबांगने गळ्याचा रुमाल काढून दिला.

३ एप्रिल

मनिलाला परतलो. परवा तिचं विमान. मुलीने तारीख पुढे ढकलू दिली नाही.

सकाळी मारिविकला पूर्ण प्रत पाठवली. तासाभरात फोन.

"मॅम, दुसऱ्या गटाचे स्वर कुठायत? रेघा कोऱ्याच आहेत. वर नुसतं लिहिलंय, 'एका वेळी एकीने गावं. चाल तिच्या मनाची. समोरची पुस्तकातून वर बघेल अशी.'"

"हं. तेवढंच."

"मी शिकवू काय त्यांना?"

"शब्द पाठ करून घे. आणि सुया काढून घे."

मग तिने तो प्रश्न विचारला, माझ्या हुशार मुलीने. "आणि समोरचीने नाहीच वर बघितलं तर?"

"तर पुढच्या कडव्याला वेगळं गायचं."

"किती वेळ, मॅम?"

"पानं संपेपर्यंत."

फोन ठेवला. पलीकडच्या खोलीत बेबांग खोक्यात सुकी मासळी कोंबत होती, वर्तमानपत्राच्या घड्यांमधून, आणि आत्ताच परत आलेल्या त्या फाटक्या आवाजात काहीतरी गुणगुणत होती. ओळखीचं नव्हतं. माझ्या हातात पेन्सिल होती, समोर रेघांचा कागद होता.

मी पेन्सिल ठेवली आणि उठून दारात जाऊन उभी राहिले.